शेवटचं रीळ आलंच नाही

हा ब्लॉग सिनेमाचा आहे, भुताखेतांचा नाही, हे मला माहीत आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. आमच्या सोसायटीत कुणी पिंपळाखालच्या बाईच्या गोष्टी सुरू केल्या की मी चहाचा कप घेऊन सरळ घरात निघून जातो. भुताचे सिनेमेसुद्धा मला आवडत नाहीत. त्यातलं भूत नेहमी पांढरी साडी नेसतं आणि गाणं म्हणतं, आणि मला प्रश्न पडतो की हिला ताल कोण देतंय.

तरी आज लिहितोय. कारण एक गोष्ट घडली होती, ती मला उलगडलेली नाही, आणि तिच्यात एका बाईवर माझ्यामुळे अन्याय झाला. ती बाई आता नाही. मीही काही फार दिवस टंकत बसणार नाही. तेव्हा एकदा सांगून टाकतो.

आधी थोडं माझ्या आवडीनिवडींबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

इथल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. मला नायकापेक्षा त्याचा मुनीम आवडतो. नायिकेपेक्षा तिची ती मैत्रीण आवडते, जी बॅडमिंटनच्या प्रसंगात पडलेलं फूल आणायला धावते. सिनेमात माणसं जेवताना दाखवली की मी खूश होतो. डबल रोल मला सोसत नाही. नावांची पाटी सुरू होण्याआधी सेन्सॉर सर्टिफिकेटचा कागद पडद्यावर येतो ना, त्याच्या उजव्या कोपऱ्यात किती रिळं ते लिहिलेलं असायचं. ते वाचलं की पोटात गार वाटायचं, जसं पंगतीत बसल्यावर पुरणपोळीचं ताट दिसावं तसं. आणि कृष्णधवल सिनेमातला समुद्र... त्याबद्दल मी इथे इतक्या वेळा लिहिलंय की आता तुम्हीच मला थांबवाल.

पण एक गोष्ट मी कधीच लिहीत नाही. शेवट. कुठल्याही सिनेमाचा शेवट मी सांगत नाही. लोक कमेंटमध्ये लिहितात, काका, तुम्ही स्पॉयलर देत नाही, किती छान. मी आभार मानतो. खरं कारण निराळं आहे, आणि ते आमच्या मरोळच्या ओट्यावर पडलेलं आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. अंधेरी पूर्वेला मरोळ गावाच्या कडेला सेलीनमावशीची वाडी होती. मावशी तिथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, गुडघ्याखाली येणारं लाल लुगडं, कानात जड सोनं. वाडीत त्यांचं कौलारू घर, घरापुढे चुन्याने रंगवलेला क्रूस, मागे विहीर, आणि विहिरीच्या पलीकडे त्यांनी भाड्याने दिलेल्या खोल्यांची बैठी चाळ. त्या चाळीत आम्ही राहायचो. वडील कारखान्यात. मी कॉलेजात, म्हणजे कॉलेजात नाव होतं. बाकी वेळ मी सिनेमात.

आमच्या वाडीत एक पद्धत होती. सिनेमा सगळ्यांना परवडायचा नाही, आणि बायकांना दुपारी घर सोडून जाता यायचं नाही. म्हणून ज्याने सिनेमा पाहिला त्याने तो रविवारी दुपारी मावशींच्या ओट्यावर सगळ्यांना सांगायचा. नुसती गोष्ट नाही... आख्खा सिनेमा. पहिल्या पाटीपासून. गाणी म्हणायची, बाजा तोंडाने वाजवायचा, खलनायक दारातून आला तर आपणही उठून दारातून यायचं. माझ्याआधी हे काम दुसऱ्यांनी करून पाहिलं होतं, पण ते मध्येच 'आणि मग ते... ते हे करतात' असं म्हणायचे आणि बायका वैतागायच्या. मी सांगायला लागलो तेव्हापासून ओटा भरायला लागला. आई तांदूळ निवडत बसायची. वडिलांना रविवारची ड्युटी असायची म्हणून जमायचं, नाही तर त्यांनी सिनेमासकट मला वाडीबाहेर काढलं असतं.

पुढच्या ओळीत दोन ठरलेल्या व्यक्ती. एक कुडाळकरकाकू, आमच्या शेजारच्या खोलीतल्या. मालवणकडच्या, तोंडाने फटकळ. मी नायिकेच्या सौंदर्याचं वर्णन करायला लागलो की म्हणायच्या, "पुढे चल रे, तुका काय तिच्याशी लगीन करूचा आसा?" आणि दुसऱ्या सेलीनमावशी. मावशी खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकायच्या. त्या स्वतःसुद्धा सिनेमाला जायच्या. दर मंगळवारी दुपारी, वाडीतल्या भाजीचा व्यवहार आटपला की, कुडाळकरकाकूंना घेऊन. तरीही रविवारी माझ्याकडून ऐकायच्याच. मी एकदा विचारलं, तुम्हाला तर स्वतः बघायचा असतो, मग आधी ऐकता कशाला? त्या म्हणाल्या, दोनदा जेवलं तर चालतं, मग हे का नाय चालणार.

मावशींचा मुलगा आंतोन बोटीवर होता. त्या वर्षी त्याचं पत्र बरेच दिवस आलेलं नव्हतं. मावशी त्याबद्दल बोलायच्या नाहीत. पोस्टमन वाडीच्या तोंडाशी आला की मात्र हातातलं काम ठेवून द्यायच्या.

तर त्या आठवड्यात स्टेशनजवळच्या थिएटरात एक हिंदी सिनेमा लागला होता. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते शेवटी कळेल. कृष्णधवल, बंदरावरची गोष्ट. एक बाई शिडं शिवून पोट भरते. तिचा लहान मुलगा एके दिवशी जहाजात लपून निघून जातो. आई प्रत्येक बोटीला धक्क्यावर जाऊन उभी राहते. माणसं उतरतात, निघून जातात, आणि ही घरी येऊन पुन्हा शिडं शिवायला बसते. एवढंच. पण काय सिनेमा होता... सुई शिडात शिरते त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी शनिवारी दुपारी गेलो आणि पहिल्या रिळातच विरघळलो.

आता त्या काळची एक रीत सांगायला हवी. उपनगरांतली दोन थिएटरं कधीकधी एकच प्रिंट वाटून घ्यायची. एकीकडे खेळ अर्धा तास आधी सुरू व्हायचा. तिथलं रीळ संपलं की एक माणूस डबा सायकलला बांधून दुसऱ्या थिएटरकडे सुटायचा. सायकल वेळेवर आली तर प्रेक्षकांना पत्ताही लागायचा नाही. त्या शनिवारी शेवटच्या रिळाची सायकल आली नाही.

मुलगा मोठा झालाय, बोटीवर आहे, बोट मुंबईला निघालीय, आई धक्क्याकडे चाललीय... आणि दिवे लागले. पडद्यावर साबणाच्या, छत्रीच्या, चहाच्या स्लाइड. पब्लिकने शिट्ट्या मारल्या. कुणी तरी ओरडलं की सायकलवाल्याला मुलगी बघायला पाठवलंय का. मी बसून राहिलो. बाकी लोक वडे खाऊन आले. मी घड्याळाकडे बघतोय. शनिवारी वडील लवकर सुटायचे, आणि मी लायब्ररीत आहे असं घरी सांगितलं होतं. शेवटी उठलो. दाराशी थांबलो, पुन्हा आत डोकावलो, छत्रीचीच स्लाइड होती. निघालो. रस्त्यात मला सायकलवाला दिसला, डबा डोक्यावर आणि सायकल हातात धरून चालत येत होता. टायर बसलेलं. मला आजही वाटतं, तेव्हा मागे वळलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण वडिलांचा हात फार जड होता हो.

रविवारी काय सांगायचं? 'शेवट पाहिला नाही' असं सांगायला हवं होतं. सरळ. पण ओट्यावर माझी एक पत होती. एकविशीही न गाठलेल्या पोराचं ऐकायला वाडीतल्या बायका हातातली कामं आणून बसतात, ही चैन सोडवत नव्हती. शनिवारी संध्याकाळी मी खाटेवर पडलो आणि शेवट बनवला.

बोट लागते. माणसं उतरतात. आईची नजर आता अधू झालीय. एक दाढीवाला उंच माणूस तिच्या अंगावरून पुढे जातो. तिला तोंड दिसत नाही. ती मान खाली घालून परत निघते... आणि तिला त्या माणसाचे पाय दिसतात. चपला उलट्या घातलेल्या. उजवी डाव्या पायात, डावी उजव्या पायात. लहानपणी तो तशाच घालायचा. ती हाक मारते.

हे कुठून सुचलं मला माहीत नाही. सिनेमात लहान मुलाच्या चपलांचा कुठे उल्लेख नव्हता, तो तर अनवाणीच हिंडत होता. आमच्या घरात कुणाला तशी सवय नव्हती. सुचलं आणि मला स्वतःलाच गहिवरून आलं. पण मग विचार केला, दाढीवाला दांडगा खलाशी आणि उलट्या चपला... कुडाळकरकाकू हसतील. एकदा काकू हसल्या की ओटा हसणार आणि माझा शेवट पाण्यात. म्हणून चपला काढून टाकल्या. त्याऐवजी ठरवलं की आई त्याला आवाजावरून ओळखते. तो हमालाला काही तरी विचारतो, ती थबकते, हाक मारते. साधं, सभ्य, सिनेमात शोभेल असं.

रविवारी मी तसंच सांगितलं. आवाजाने ओळखलं. चपलांबद्दल एक अक्षर नाही. कुडाळकरकाकूसुद्धा पदराने नाक पुसत होत्या. मावशींनी डोळे उघडले, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या की मंगळवारी मी जाणार हा बघायला.

माझी झोप उडाली. मावशी गेल्या की खरा शेवट बघणार आणि ओट्यावर येऊन सांगणार, की शरद थापा मारतो. मी त्यांना परावृत्त करायला म्हटलं, मावशी, गाणी काही खास नाहीत. त्या म्हणाल्या, मी कुठं नाचायला चाललंय.

मंगळवारी दोघी गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा मी विहिरीपाशी उगाचच बादल्या भरत उभा होतो. ओट्यावर पाच-सहा बायका जमलेल्या. काकूंचा आवाज वाडीभर ऐकू येत होता. त्यांचं म्हणणं असं, की आजही शेवटचं रीळ आलंच नाही. स्लाइड संपल्या. मग पडद्यावर मशीनचा नुसता उजेड. लोकांनी आरडाओरडा केला, मॅनेजर येऊन सांगून गेला की अर्धं तिकीट सांभाळा, उद्या येऊन शेवट बघा. सगळे शिव्या देत उठले.

"आणि ही बाय उठतच नाय," काकू म्हणाल्या. "पडद्यार काय नाय. पांढरोफटक. आणि ही आपली बघता हा, आणि डोळे पुसता हा. मी हलवलंय तर म्हणता, गप बस गो, बोट लागली."

सगळ्या हसल्या. मला तर हायसं वाटलं. शेवट कुणीच पाहिला नव्हता. मी वाचलो होतो.

मावशी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या की तुम्ही काय बघितलं ते मना ठावं नाय, मी बघितलं. शरदनं सांगितलं तसंच हाय सगळं. बोट लागली, माणसं उतरली, तो दाढीवाला पुढे गेला.

"फकस्त एक चुकलं पोराचं," मावशी म्हणाल्या. "आयनं आवाजानं नाय वळखलं. चपलांनी वळखलं. उलट्या घातल्या होत्या त्यानं."

माझ्या हातातली बादली विहिरीत गेली. दोरासकट.

खरंच सांगतो, त्या क्षणी भीती अशी वाटली नाही. अंगावर काटाही आला नाही. कुणीतरी आपल्या बंद पेटीतली वस्तू आपल्याच हातात आणून द्यावी, आणि पेटीला कुलूप तसंच असावं, असं काहीतरी झालं. ते चित्र मी खाटेवर डोळे मिटून पाहिलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मित्राला नाही.

काकूंनी मला हाक मारली. त्या वकिलासारख्या उभ्या होत्या. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

"शरद, तू बघितलंस मा पिक्चर? सांग बघू हिका. आवाजान की चपलांनी?"

वाचकहो, हाच तो क्षण. इथे मला दोन रस्ते होते. खरं बोलायचं, की मी शेवट पाहिलेलाच नाही. किंवा खोटं बोलायचं, 'चपलांनी, मीच सांगायला विसरलो.' दोन्हीतलं काहीही चाललं असतं. खोटंसुद्धा. आख्खा शेवट खोटा सांगितला होता, त्यात एक शब्द आणखी! पण मी गडबडलो. मावशींनी माझ्या डोक्यात हात घातलाय असं वाटलं आणि तो हात झटकावासा वाटला.

मी म्हणालो, "आवाजाने."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. राग नाही, काही नाही. ज्याच्या हातून कप फुटलाय त्या पोराकडे बघावं तसं. मग म्हणाल्या, बरं, आवाजानं तर आवाजानं. आणि आत निघून गेल्या.

त्या एका शब्दाने काय झालं ते सांगतो. बायका आधी हसल्या, मग त्यांना दया यायला लागली. आंतोनचं पत्र नाही, म्हणून बिचारीला पांढऱ्या पडद्यावर मुलगा परत आलेला दिसतोय, असं वाडीत ठरलं. दया फार वाईट. लोक मावशींशी मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलायला लागले. भाडं देताना नोटा दोनदा मोजून दाखवायला लागले. पुढच्या मंगळवारी मावशी लुगडं बदलून तयार झाल्या तर काकू म्हणाल्या, माका भ्या वाटता तुझ्याबरोबर बसाक. दुसरंही कुणी गेलं नाही, आणि त्या काळी त्यांच्या वयाची बाई एकटी थिएटरात जात नसे. एक मंगळवार गेला, मग दुसरा. मावशींचा सिनेमा बंद झाला. रविवारी मी सांगायचो तेव्हा त्या खांबाला टेकून बसायच्या, पण डोळे उघडे ठेवून. मला ते उघडे डोळे सहन व्हायचे नाहीत.

हो, एक राहिलं. बुधवारी सकाळी मावशींनी मला त्यांचं अर्धं तिकीट दिलं होतं. हवं तर तू जाऊन बघ, एवढंच म्हणाल्या. मी दुपारी थिएटरच्या गेटपर्यंत गेलो. पोस्टर पाहिलं, डोअरकीपरला तिकीट दाखवलं, त्याने पडदा बाजूला केला... आणि मी परत फिरलो. आत चपला नसल्या तर? त्याहून वाईट म्हणजे, असल्या तर? तो सिनेमा काही चालला नाही. शुक्रवारी तिथे दुसरं पोस्टर लागलं.

आंतोन पावसाळा संपल्यावर आला. पत्र नाही, तार नाही, एकदम माणूसच. मी विहिरीपाशी होतो, धावत गेलो आणि सगळ्यांत आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. बूट होते. चकचकीत, ज्या पायात जो हवा त्या पायात तो. दाढीही नव्हती. मला इतकं हसू आलं की आंतोन विचारायला लागला, काय रे, बुटाला काय लागलंय?

पण वाडीतल्या भल्या माणसांनी त्याला आईबद्दल सांगितलं. तो घाबरला. त्याची बायको गोराईची. त्याने आईला तिकडे न्यायचं ठरवलं, माणसांत राहील, हवा चांगली. वाडी चुलत्यांकडे सोपवली. सगळं मायेने केलं, त्याला दोष नाही. गोराईला चर्च होतं, समुद्र होता, नारळीच्या बागा होत्या. थिएटर नव्हतं. जायच्या दिवशी मावशींनी ओट्याच्या खांबावर हात फिरवला आणि मला म्हणाल्या, चांगलं सांगत जा. मी मान हलवली.

मला नोकरी लागली, आम्ही बोरिवलीला आलो. आणि मग मला बहाणा उरला नाही, कारण गोराईची होडी आमच्या घरापासून जवळच सुटायची. तरी दोन-तीन वर्षं लावली. शेवटी एका रविवारी खाडी ओलांडून गेलो.

मावशी पडवीत चिंचा सोलत बसल्या होत्या. मला बघून इतक्या खूश झाल्या की सुनेला हाक मारून म्हणाल्या, अगं चहा टाक, आमचा टॉकीज आला. मग मला समोर बसवलं. काही विचारपूस नाही, काही नाही. "सांग," म्हणाल्या. "कायपण सांग. इकडे ह्यांना मासे सोडून काय सांगता येत नाय."

मी त्याच आठवड्यात पाहिलेला एक सिनेमा सांगितला. विनोदी होता, मुनीम झकास होता. गाणी म्हटली. शेजारची पोरं गोळा झाली. मावशींनी डोळे मिटले होते. संपल्यावर त्या म्हणाल्या, हा तू शेवटपर्यंत बघितलास.

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"तू जे बघतोस ते हातानं सांगतोस रं," मावशी म्हणाल्या. "त्या बोटीच्या शिणेमाला शेवट आला नि तू हात मांडीखाली घेतलेस. मना तवाच कळलं, पोरानं बघितला नाय. म्हटलं, आपण बघून येऊ नि सांगू त्याला. अर्धा शिणेमा पोटात घेऊन पोरगं कसं राहील."

म्हणजे मावशी मला उघडं पाडायला गेल्याच नव्हत्या. माझ्यासाठी शेवट आणायला गेल्या होत्या.

मग मात्र मी सगळं सांगितलं. सायकलचं टायर, खाट, बनवलेला शेवट. आणि चपला. म्हटलं, मावशी, चपला मी कुणालाच सांगितल्या नव्हत्या. त्या फक्त माझ्या मनात होत्या. तुम्हाला कुठून दिसल्या?

मला वाटलं त्या दचकतील, छातीवर क्रूसाची खूण करतील. त्यांनी चिंचेचा चिचोका काढून बाजूला टाकला.

"मनात होत्या तर सांगायचं ना रं मेल्या," त्या म्हणाल्या. "माझं तिकीट वाचलं असतं."

आणि हसायला लागल्या. मीही हसलो. सून बाहेर येऊन बघायला लागली की आता दोघं मिळून काय बघतायत. मी म्हटलं, मी वाडीत जाऊन सगळ्यांना सांगतो, काकूंना सांगतो. त्या म्हणाल्या, सांग हां. कुडाळकरणीला आधी सांग.

नाही सांगितलं. आधी लाज वाटली, मग काकू गावी गेल्या, मग चाळ पाडली, माणसं पांगली. कारणं शोधायला मला कधी रीळ कमी पडलं नाही. मावशींकडे मात्र जात राहिलो, सिनेमा सांगायला. त्या शेवटपर्यंत हुशार होत्या. कोणत्या सिनेमात मी झोपलो होतो ते सुद्धा ओळखायच्या. त्या गेल्या तेव्हा गोराईच्या चर्चबाहेर मी खूप वेळ उभा होतो. आंतोनलाही तेव्हा सांगायचं होतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आईला तुझा फार आधार होता. मी होडी पकडून परत आलो.

विचार पुष्कळ केला. मी झोपेत बोललो असेन? पण आमची खोली विहिरीपलीकडे, मावशींचं घर अलीकडे. योगायोग? माणसाला ओळखायच्या खुणा हजार असतात... तीळ, लॉकेट, गाणं. सिनेमात तर तेच असतं. उलट्या चपलाच का? की सिनेमात खरोखरच चपला होत्या आणि त्या मला आधीच सुचल्या? मग मावशींना त्या कोऱ्या पडद्यावर कशा दिसल्या? एक गाठ सोडवावी तर दुसरी बसते. तुमच्याकडे उत्तर असेल तर कमेंटमध्ये लिहा, पण हळू लिहा, मी अजून त्या विहिरीपाशीच उभा आहे.

मागच्या महिन्यात ब्लॉगच्या एका तरुण वाचकाशी फोनवर बोलत होतो. त्याने विचारलं, काका, तुमचा सगळ्यांत आवडता सिनेमा कोणता? मी नाव सांगितलं. तो शोधायला बसला. इंटरनेटवर जी प्रत आहे ती कुणीतरी फाटक्या प्रिंटवरून केलीय, आई धक्क्याकडे निघते तिथेच ती तुटते. तिथेच! पण पोरगा चिवट. त्याने कुठल्या तरी संग्राहकाला गाठलं आणि परवा मेसेज केला: काका, शेवटचं रीळ मिळालंय, चांगल्या स्थितीत आहे, मी अजून पाहिलं नाही, लिंक पाठवू का?

मी त्याला 'नको' म्हणून कळवलं. तरुणपणी भीतीने गेटवरून परत फिरलो होतो. आता भीती नाही. पण माझ्यासाठी कुणीतरी तो शेवट आधीच बघून आलंय, आणि ज्याने बघितलाय त्याचं ऐकायचं ही आमच्या ओट्याची रीत होती. त्या दिवशी ती मीच मोडली. आता परत मोडायची नाही. सिनेमाचं नाव इथे लिहीत नाही तेही म्हणूनच, नाही तर तुम्हीही लिंक पाठवाल.

लगेच त्याचा फोन आला. पोराला हे काही कळलं नाही. त्याला वाटलं, एकदा पाहिलेला शेवट मला पुन्हा बघायचा नाही. त्याने विचारलं, मग निदान शेवट काय आहे ते तरी सांगा, तुम्ही पाहिलाय ना? मी त्याला मावशींचा शेवट सांगितला. बोट लागते, माणसं उतरतात, दाढीवाला पुढे जातो, आई त्याला ओळखते.

तो म्हणाला, "नजर अधू आहे ना तिची? मग कशाने ओळखते? आवाजाने?"

फोन स्पीकरवर होता. माझे दोन्ही हात मोकळे होते.

"नाही रे," मी म्हणालो. "चपलांनी."